लाल दोऱ्याची बोंडं

पऱ्हाटीला बांधलेला दोरा दिसला की मी आजही मान दुसरीकडे फिरवते. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. आम्ही वऱ्हाडातले लोक त्याला पऱ्हाटीच म्हणतो. आता बियाण्याच्या प्लॉटांत असे दोरे जिकडेतिकडे असतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. मला मात्र ते बघवत नाही. लोक म्हणतात, बाई तिरसट आहे. आहेच मी तिरसट. जन्मापासून नव्हते, नंतर झाले, आणि का झाले ते सांगायला बसले आहे.

आमचं गाव चिखलीपासून बैलगाडीच्या अंतरावर. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. शाळेच्या भिंतीवर नकाशा जुनाच होता आणि गुरुजींनी निळ्या पेन्सिलीने त्यावर नवी हद्द ओढून घेतली होती. मी मॅट्रिकला चांगली पास झाले तेव्हा हेडमास्तरांनी चारचौघांत बाबांना सांगितलं, की पोरीला पुढे शिकवा. एकट्यात सांगितलं असतं तर बाबांनी मान डोलावून सोडून दिलं असतं. चारचौघांत सांगितलेलं मोडायची त्यांची छाती नव्हती. म्हणून मी बुलढाण्याला मावशीकडे राहून कॉलेजात जाऊ लागले आणि विज्ञानाच्या वर्गात एकटी मुलगी म्हणून पहिल्या बाकावर बसू लागले.

एकटं असण्याचं सुख काय सांगू. वनस्पतिशास्त्राचे सर फुलाच्या धड्यापर्यंत छान शिकवत आले. फुलात नर भाग कोणता, मादी भाग कोणता, पराग कुठून कुठे जातो, हे सांगायची वेळ आली तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "हा भाग घरी वाचून घ्या." वर्ग खिदळला. माझ्या एकटीपायी सगळ्यांचा धडा बुडाला. मी तो घरी वाचला, पुन्हा वाचला, आणि खरं सांगते, त्या धड्यानं जे वेड लावलं ते पुढे आयुष्यात कशानेच लावलं नाही.

कारण ते सगळं आमच्या वावरात उभं होतं. आमची गावरान पऱ्हाटी मोठी चिवट. पाऊस लांबला तरी तग धरायची, किडीला दाद द्यायची नाही. पण तिचा धागा आखूड. बाबा चिखलीच्या बाजारात गाडी घेऊन गेले की व्यापारी चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि तोंड वाकडं करायचा. लांब धाग्याचा कापूस दुसरीकडे होत होता, पण तो आमच्या कोरडवाहू जमिनीत टिकत नव्हता. मग या दोघींचं लग्न लावलं तर? चिवटपणा हिचा आणि धागा तिचा, असं एखादं झाड निघणार नाही का? विचार काही जगावेगळा नव्हता, मोठमोठे लोक त्यावर काम करत होते. मला फक्त त्यांच्यातलं एक व्हायचं होतं. लहानपणापासून मला दुसरं काही मागावंसं वाटलं नव्हतं, आणि जे मागितलं ते हेच.

पदवीची परीक्षा झाल्यावर बाबांना मागे लागून मी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कापूस संशोधन केंद्रावर गेले. तिथले साहेब पुण्याकडचे, गोरेगोमटे, बोलायला गोड. त्यांनी आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. ओट्यावर बाया सरकी, म्हणजे कापसाचं बी, निवडत बसल्या होत्या. साहेब कौतुकानं म्हणाले, "पावसाळ्यात फुलांचं नाजूक काम याच बायका करतात. पुरुषांच्या बोटांना ते जमत नाही."

मी धीर करून विचारलं, "मले इथं सहायक म्हनून काम भेटू शकते का?"

"मले" ऐकून साहेबांनी ओठ दाबले. आणि उत्तर दिलं ते बाबांना. प्रश्न मी विचारला होता, पण उत्तर बाबांना. "काका, मुलगी हुशार आहे, प्रश्न तो नाही. इथे बायकांची सोय नाही. क्वार्टर सगळे पुरुषांचे. साधी मोरीसुद्धा वेगळी नाही."

"मंग या बाया कुठी राह्यतात?" मी विचारलं.

"त्या रोजंदारीच्या. संध्याकाळी आपापल्या घरी जातात."

म्हणजे फुलं सोलायला बाया पाहिजेत, पण खुर्चीवर बसून त्या फुलांचं काय झालं ते लिहायला बाया नकोत. मी तेव्हा हे असं बोलले नाही. माझा चेहरा पाहून साहेबांना कीव आली असावी. त्यांनी कपाटातून लांब धाग्याच्या एका देशी जातीची मूठभर सरकी काढून पुडीत बांधली आणि म्हणाले, "घरचं शेत आहे ना? तुमच्या गावरानीशी हिचा संकर करा आणि त्या संकराची सरकी मला आणून दाखवा. यंदाचं पीक निघालं की या. जमलं असेल तर वरच्यांना मी स्वतः सांगेन, की या मुलीसाठी सोय करा." ते थोडं हसले. मला वाटतं, त्यांनी लहान मुलाला खडीसाखर द्यावी तशी ती पुडी दिली. मी ती शब्द म्हणून घेतली.

माझ्याच वर्गातला एक मुलगा त्याच उन्हाळ्यात तिथे नोकरीला लागला. परीक्षेच्या आधी तो माझी वाळवलेली फुलंपानं बघून आपली चित्रं काढायचा. त्याला कुणी सरकी मागितली नाही.

परतताना एस.टी. चिखलीला आली तेव्हा बाबा म्हणाले, "यंदाचा कापूस घरात येईलोक थांबतो. मेहकरकडचे पाव्हने हो-नाही विचारून राह्यले, त्यायले तवरक काही बोलत नाही. पन मंग तू काही म्हनू नको." मी मान हलवून हाव म्हटलं. बाबांनी मला एक हंगाम दिला होता, आणि त्या काळी आमच्या जातीगोतात कोणत्या बापानं एवढंसुद्धा दिलं असतं.

विहिरीजवळचा पट्टा बाबांनी मला सोडला. दोन्ही जाती मी तिथे शेजारी-शेजारी लावल्या. संकराचं काम तसं सोपं सांगता येतं. गावरानीची उद्या उमलणारी कळी आज तिसऱ्या प्रहरी ओळखायची. तिच्या पाकळ्या आणि आतला नर भाग अंगठ्याच्या नखानं अलगद सोलून काढायचा, मधला मादी भाग तेवढा ठेवायचा आणि वरून कागदाची पुडी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं ताजं फूल आणून त्याचा पराग तिच्यावर घासायचा. आणि देठाला दोरा बांधायचा, म्हणजे वेचताना कळावं की हे बोंड संकराचं. सांगायला सोपं, पण नख जरा खोल गेलं की कळी मेली. बहुतेक कळ्या गळूनच जायच्या. त्या दिवसांत माझ्या डोळ्यांपुढे झोपेतसुद्धा पिवळी फुलं यायची.

माझं हे उद्योग करणं गावाला दिसत होतंच. कुणी म्हणायचं, पोरीचं शिकून डोकं फिरलं. एकदा ओसरीत मी बाबांना नर भाग आणि मादी भाग समजावून सांगत होते तर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हे असं ओसरीत बोलत नको जाऊ बाई." मग मी बोलणं सोडलं. मायला तर काय आणि कोणत्या शब्दांत सांगणार होते? माय-लेकी आम्ही, एका ताटात जेवणाऱ्या, पण असल्या गोष्टीसाठी आमच्याकडे शब्दच नव्हते.

दोरा मात्र मायनंच दिला. ती गोधडी टाचत बसली होती. मी तिच्याकडे लाल दोऱ्याचं रीळ मागितलं.

"काऊन वं?"

"पऱ्हाटीले बांधाचा हाये."

"कायच्यासाठी?"

"नोकरीसाठी," मी म्हणाले. त्यात खोटं काय होतं?

मायनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग रीळ तर दिलंच, वर डब्यातून दुसरंही काढून दिलं. "जाडा बांधजो, दुहेरी. पान्यानं तुटते." त्या दिवसापासून ती माझ्या पट्ट्याची राखण करू लागली. शेळ्या हाकलायची. निंदणाऱ्या बायांना बजावायची, "त्या लाल दोऱ्याच्या झाडायले हात लावू नका, माह्या पोरीचं हाये ते." जाता-येता त्या झाडांना हात जोडायची. मला तेव्हा हसू यायचं आणि भरूनही यायचं. मला वाटलं, न सांगताच मायला सगळं कळलं. साऱ्या घरात, साऱ्या गावात, माझ्या बाजूनं उभी असलेली ती एकटी होती. हे आजही तसंच म्हणते मी, एक अक्षर मागे घेत नाही.

पोळा झाला, दसरा झाला. दोरे बांधलेल्यांपैकी थोडीच बोंडं टिकली, पण टिकली ती टच्च भरली. पाऊस कधीच गेला होता, झाडांवर नवी पाती, म्हणजे कळ्या, उरली नव्हती. म्हणजे जे होतं ते एवढंच होतं. दिवाळीच्या तोंडावर ती बोंडं तडकायला लागली आणि नेमकी मी बाहेरची झाले.

आजच्या मुलींना हे सांगावं लागतं. बाहेरची म्हणजे चार दिवस दूर बसायचं. कोठ्याला, म्हणजे गुरांच्या गोठ्याला, लागून एक पडवी होती, तिथे माझं अंथरूण, माझा वेगळा गडू. चुलीकडे जायचं नाही, देवाकडे नाही, आणि वावरात तर नाहीच नाही, कारण बाहेरच्या बाईची सावली पडली की फुटलेलं बोंड सडतं म्हणतात. मी विज्ञानाची पदवीधर होते. बोंड कशानं सडतं ते मला पाठ होतं. तरी मी तिथे बसले. उठून चालू लागले असते तर पट्टा बाटला म्हणून बाबांनीच ती झाडं उपटून टाकली असती, हेही मला ठाऊक होतं. पहिली वेचणी ठरली त्या दिवशी बाबा चिखलीला गेले होते.

मायनं सकाळी लांबूनच सांगितलं, "आज सीतादही करतो. कापूस फुटला, बाया यायच्या हायेत."

पहिल्या वेच्याच्या दिवशी वावरात पाच दगड मांडायचे, त्यांना चुना आणि कुंकू लावायचं, दहीभात वाहायचा, पहिल्या फुटलेल्या बोंडांचा कापूस देवीला द्यायचा आणि मगच वेचायला लागायचं, त्याला आम्ही सीतादही म्हणतो. दर वर्षीचं ते. मी म्हणाले, "माय, दोऱ्याचे बोंडं राहू देजो. ते मी वेचीन, चार दिवसानं."

"बरं," माय म्हणाली आणि डोक्यावर टोपलं घेऊन गेली.

दुपारी ती परतली ती आधी कोठ्यात गेली. नुकतीच व्यालेली म्हैस होती आमची. मायनं पदराच्या गाठीतून काहीतरी सोडून तिच्या टोपल्यात टाकलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी जिथे बसले होते तिथून म्हैस समोरच होती. मला करायला काही नव्हतं, म्हणून मी ती खात होती ते बघत बसले. चांगली चवीनं खात होती.

मग माय हातपाय धुऊन माझ्याकडे आली. जरा अंतर राखून वाकली आणि माझ्या ओंजळीत वरूनच दहीभात टाकला. तिचा चेहरा उजळला होता. म्हणाली, "घे परसाद. केला बाई तुहा नवस पुरा."

"कोनता नवस?"

"आता मायपासून कायले लपवतं? नोकरीसाठी दोरे बांधले होते ना तुनं देवीले. सारे फुटले होते बघ, वरचे दोन-चार अर्धे होते तेबी काढले, देवीचं अर्धं ठेवू नाही. तू म्हनली मी वेचीन, पन तू बसली दूर. देवी चार दिवस थांबते का? पहिला वेचा तिचा असते. चुकला असता तुहा नवस, अन मंग कुठची नोकरी." ती जरा थांबली. "आता लागते पाह्य. देवीनं घेतलं हाये."

मी विचारलं, "सरक्या कुठी हायेत?"

"कापसाच्या वाती करतो. सरक्या म्हशीले दिल्या. देवाचं पायाखाली येऊ नाही."

मी दहीभात खाल्ला. दुसरं काय करणार? ती समोर उभी होती, माझं खाणं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मी कधी पाहिलं नव्हतं एवढं समाधान होतं. मी ओंजळ रिकामी केली. माय आत गेली आणि मग मी पदर तोंडात कोंबून रडले. म्हैस रवंथ करत होती. तिच्यात आणि माझ्यात चार हातांचं अंतर होतं, आणि माझं सगळं आयुष्य ती चावून गिळून बसली होती.

चार दिवसांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि मी वावरात धावले. झाडन् झाड पाहिलं. लाल दोरे तसेच होते, मायनं ते सोडले नव्हते, बोंडांच्या जागी नुसत्या रिकाम्या नखा, म्हणजे वाळकी टरफलं, होत्या. बाबांना सांगितलं तेव्हा ते बांधावर खालीच बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुह्या मायले सांगू नको. मरून जाईन बिचारी."

आणि ते, दिलेल्या शब्दाबाहेर जाऊन, मला पुन्हा एकदा त्या केंद्रावर घेऊन गेले. बाबांचं हे मी विसरत नाही.

साहेबांनी हसून विचारलं, "काय, आणली सरकी?"

मी सांगितलं की संकर जमला होता, बोंडं भरली होती, पण वेचायच्या वेळी ती गेली. घरच्यांनी नकळत वेचून टाकली. मला आणखी एक हंगाम मिळाला, इथल्या एका कोपऱ्यात मिळाला, तर मी करून दाखवीन.

"पण तुम्ही स्वतः कुठे होता?"

काय सांगणार होते मी? समोर परका पुरुष, शेजारी बाप. "बिमार होतो," मी म्हणाले.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मायेनंच समजूत काढली. "हेच मी काकांना सांगत होतो. संशोधन करणारा माणूस पिकाच्या वेळी आजारी पडून चालत नाही. बायकांच्या मागे घरच्या शंभर गोष्टी असतात. तुमचा दोष नाही यात. चांगल्या घरी द्या हिला, काका." दारातून माझा तो वर्गमित्र हातात वह्या घेऊन चालला होता. मला पाहून त्यानं मान खाली घातली. बाबा टोपीची घडी घालत होते, उलगडत होते. दर महिन्याला चार दिवस जगातल्या अर्ध्या माणसांचं काय होतं, ते त्या ऑफिसात एकालाही ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते बोलायची तिथे सोय नव्हती, जशी मोरीची नव्हती.

माझ्यासारख्या किती जणी असतील, याचा मी पुढे फार विचार केला. कुणाचं बोंड म्हशीनं खाल्लं, कुणाचं सासूनं, कुणाचं एखाद्या गोड बोलणाऱ्या साहेबानं. वर पुन्हा सभेत भाषणं होतात, की मुली संशोधनात येत नाहीत, त्यांना आवड नसते. असं ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माघात माझं लग्न झालं. हिवरा आश्रमाच्या बाजूचं गाव, शेतीवाडीचं घर, नवरा शांत स्वभावाचा. रुखवतात मायनं वातींचा एक पुडा ठेवला होता. "तुह्याच नवसाच्या कापसाच्या हायेत," ती कानात म्हणाली. "नोकरी नाही लागली, पन घर चांगलं भेटलं. देवीनं तेच दिलं असंन."

त्या वाती मी कधी पेटवल्या नाहीत. पहिल्या वर्षी एकदा, घरात कुणी नसताना, एक वात उलगडून मी धागा अंगठ्यांत धरून ओढला. आखूड होता. त्याचं मला नवल वाटलं नाही. सरकीवरचा कापूस हा ज्या झाडावर बोंड लागलं त्या झाडाचाच असतो, तो आईचा. संकरातून नवं जे काही जन्मतं ते सरकीच्या आत असतं, आणि ते पेरल्याशिवाय कुणालाच दिसत नाही. माझ्याजवळ मायचं तेवढं राहिलं होतं. माझं जे होतं ते कसं निघालं असतं, हे मला कधीच कळणार नव्हतं. वात पुन्हा वळून मी पुड्यात ठेवली.

वर्षं गेली. मला दोन मुलं झाली. सासऱ्यांनी परवानगी दिली तशी गावच्या शाळेत शिकवायला लागले. फुलाचा धडा आला की मुलींसमोर मोठ्यानं शिकवायचे, नर भाग, मादी भाग, सगळं. शाळेत त्यावरून कुरबूर झाली, पण माझ्या तोंडाला लागायची हिंमत कुणी केली नाही. तोवर मी तिरसट झालेच होते.

एका दिवाळीनंतर, भर दुपारी, माय अचानक आली. निरोप नाही, सांगावा नाही. चिखलीहून मेहकर, मेहकरहून इथे, एकटी एस.टी. बदलत आलेली. आयुष्यात तिनं एकटीनं असा प्रवास केला नव्हता. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, म्हणून माझ्या काळजात धस्स झालं. मी पाण्याचा गडू आणून पुढे ठेवला. तिनं त्याला हात लावला नाही. ओसरीत भिंतीला टेकून बसली.

"काय झालं माय?"

"आपल्या शेजारच्या वावरात बियान्याचा प्लाट टाकला औंदा," ती म्हणाली. "म्या कामाले गेल्ती. बाया फुलं सोलून राह्यल्या होत्या, अन दोरे बांधून राह्यल्या होत्या. लाल दोरे. म्या इचारलं, एवढा मोठा नवस कोनाचा हाये? त्या हासल्या मले."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"मंग सांगतलं त्यायनं. ते बोंडं येगळे वेचतात. कापसाचं काही नाही म्हने, सरकीच कामाची राह्यते." तिचा आवाज बसला होता. "तुह्येबी तसेच होते का वं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण तिच्या डोळ्यांकडे पाहून जमलं नाही. "हाव, माय."

"मले काऊन नाही सांगतलं?" तेवढंच ती म्हणाली. ओरडली नाही, कपाळ बडवून घेतलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं पुसलंही नाही. "म्या म्हशीले चारलं बाई. म्या माह्या हातानं चारलं."

मी तिचे हात धरले. भेगाळलेले, कापूस वेचून बोटांची टोकं फाटलेली. तिनं एक हात सोडवून घेतला, कमरेला खोचलेली फडक्याची पुरचुंडी काढली आणि माझ्या मांडीवर सोडली. सरकी होती. एकेक दाणा हातानं सोललेला, स्वच्छ, एकावरही कापसाचा तंतू राहिला नव्हता.

"विहिरीजवळची हाये, त्याच जाग्यावरची," माय म्हणाली. "येगळे दोरे बांधले म्या, म्या एकटीनंच वेचले. कोनाले हात लावू देला नाही. एकबी किडकी नाही, पाह्यून घे. आता देशीन का त्या सायबाले?"

आमच्या वावरातली साधी सरकी होती ती. फुलं कुणी सोलली नव्हती, पराग कुणी लावला नव्हता. तिनं फक्त दोरे बांधले होते. ते साहेबही कधीच बदली होऊन दुसरीकडे गेले होते. मी दाणे तळहातावर घेतले, उजेडात धरले, एकेक करून नीट पाहिले, जसे तेव्हा त्यांच्या टेबलावर पाहायचे होते.

"हीच होती, माय," मी म्हणाले. "देतो मी त्यायले."

तेव्हा कुठे तिनं गडू उचलला आणि घटाघटा पाणी प्याली.